खामोशी: जुन्या बाजारातली ५० रुपयांची डीव्हीडी आणि २२ वर्षं ड्युटी केल्यावर परत भेटलेली राधा

आधी वस्तूबद्दल सांगते, म्हणजे ज्यांना फक्त डीव्हीडी घ्यावी का नाही एवढंच बघायचंय ते मोकळे. रविवारी हॉस्पिटलची नाईट ड्युटी संपवून घरी न जाता तशीच मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले होते, मिक्सरचं भांडं मिळतंय का बघायला. एका ताडपत्रीवर रिमोट, चार्जर, नळाच्या तोट्या असा सगळा पसारा आणि त्यातच डीव्हीडींचा ढीग, वरच खामोशी, जुना हिंदी सिनेमा. काकांनी ८० सांगितले, ५० ला दिली. कव्हरवर राजेश खन्ना एवढा मोठा आणि वहिदा रेहमान कोपऱ्यात, ते बघूनच मला जरा लागलं, कारण सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचा आहे, एका नर्सचा आहे.

डिस्क पहिली पन्नास मिनिटं नीट चालली, मग चित्राचे चौकोन चौकोन व्हायला लागले. मधून बाहेर मऊ कापडाने पुसून घेतली (गोल गोल पुसू नका, चरे वाढतात), मग पुढे सरकली पण एक सीन गेलाच. सबटायटल्स आहेत, पण गाणी सुरू झाली की गायब, आणि गाणी गुलजारांची, म्हणजे ज्याला हिंदी कमी कळतं त्याचं केवढं नुकसान. गेलेला सीन बघायला मोबाईलवर फुकटातली एक प्रिंट शोधली तर ती आडवी ताणलेली, सगळ्यांची तोंडं रुंद. कॅमेरामन कमल बोस, त्यांना या कामासाठी फिल्मफेअर मिळालंय, त्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट कामाची अशी अवस्था बघवत नाही. तर डीव्हीडीला ५ पैकी २. आता सिनेमा.

लहानपणी दूरदर्शनवर बघितला होता. वाड्यात एकच टीव्ही, खोलीभर बायका, आणि शेवटी सगळ्या पदर डोळ्याला लावून बसलेल्या एवढं आठवतं. तेव्हा माझ्या डोक्यात तो प्रेमाचा सिनेमा म्हणून बसला आणि नंतर फक्त गाणीच ऐकली, वो शाम कुछ अजीब थी तर आमच्या घरात कुकरच्या शिट्टीइतकं ओळखीचं. मग मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, नोकरीला लागले, मेडिकल वॉर्ड, आयसीयू, परत मेडिकल, अशी २२ वर्षं झाली आणि या सगळ्यात हा सिनेमा एका नर्सबद्दल आहे हे मला एकदाही आठवलं नाही याचं आता आश्चर्य वाटतं.

गोष्ट थोडक्यात सांगते, शेवटही सांगणार आहे कारण त्याशिवाय मला जे बोलायचंय ते बोलता येत नाही. कलकत्त्याचं मनोरुग्णांचं हॉस्पिटल. तिथले मोठे डॉक्टर, सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणतात (नझीर हुसेन), त्यांचा एक प्रयोग चाललाय. प्रेमात धक्का बसून भान हरपलेल्या पेशंटला नर्सने आई, मैत्रीण, प्रेयसी सगळ्यांची माया द्यायची, त्याला बरं करायचं. नर्स राधाने देव नावाच्या पेशंटला (धर्मेंद्र) असंच बरं केलं, तो बरा होऊन आपल्या जुन्या प्रेयसीकडे निघून गेला आणि राधा त्याच्यात अडकली ती अडकलीच. प्रयोग यशस्वी. मग दुसरा पेशंट येतो, अरुण, राजेश खन्ना, आणि कर्नलसाहेब म्हणतात राधा, परत कर. ती आधी नाही म्हणते, पण शेवटी केस तिच्याकडेच येते. अरुण बरा होतो. आणि राधा ज्या वॉर्डात काम करायची त्याच वॉर्डात पेशंट म्हणून आत जाते.

मूळ कथा बंगाली, आशुतोष मुखोपाध्याय यांची, तिच्यावर १९५९ मध्ये दीप ज्वेले जाई निघाला, त्यात सुचित्रा सेन. साधारण दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने, असित सेन यांनी, तो हिंदीत केला. (जाड, हळू हळू बोलणारे विनोदी नट असित सेन ते वेगळे, माझ्या नणंदेशी यावरून अर्धा तास वाद झाला. हे ममता आणि सफरवाले.) निर्माते हेमंतकुमार, संगीतही त्यांचंच.

आता मुद्द्याचं. आम्हाला सायकियाट्रिक नर्सिंगमध्ये थेराप्युटिक रिलेशनशिप शिकवतात, म्हणजे नर्स आणि पेशंटचं नातं हेच औषधासारखं वापरायचं. पेप्लाऊ बाई म्हणजे नर्सिंगमधल्या अभ्यासक, त्यांचं त्यावरचं पुस्तक १९५२ चं, म्हणजे या दोन्ही सिनेमांच्या आधीचं. त्या नात्याचे टप्पे परीक्षेला हमखास येतात: प्री-इंटरॅक्शन, ओरिएंटेशन, वर्किंग आणि शेवटचा टर्मिनेशन, नातं कसं संपवायचं तो टप्पा. पेशंटला पहिल्यापासून सांगायचं की मी अमुक दिवस आहे, मग नाही, हळूहळू बाजूला व्हायचं. आम्ही पोरी ते पाठ करून सात मार्क घ्यायचो. परवा सिनेमा बघताना ताडकन लक्षात आलं की राधाच्या बाबतीत पहिले तीन टप्पे झाले आणि चौथा कोणी केलाच नाही. देव गेला, त्याचं टर्मिनेशन झालं, त्याला घर होतं, माणूस होतं. तिचं काय झालं? तिला पुढची केस मिळाली.

हे मी पुस्तकातलं बोलत नाहीये. माझ्याकडे एक मुलगा पेशंट होता, २३-२४ वर्षांचा, ४१ दिवस होता वॉर्डला. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही. त्याची आई गावाकडे, धाकटं लेकरू टाकून येता येईना, त्यामुळे त्याचं खाणं, पाठीला पावडर, रात्री घाबरला की हात धरून बसणं, सगळं आमच्यावर, आणि माझ्या नाईट जास्त म्हणून माझ्यावर जास्त. बरा झाला. डिस्चार्जच्या दिवशी पेढे दिले, सिस्टर येतो म्हणाला, गेला. मला प्रेम वगैरे काही नव्हतं, माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता, पण त्या रिकाम्या बेडकडे बघून पोटात खड्डा पडला तो पडलाच. मी तिथेच उभी. इन्चार्ज सिस्टर मागून आल्या आणि म्हणाल्या, "बेड कार्बोलाईज करून घे, कॅज्युअल्टीतून पेशंट वर येतोय." (म्हणजे जंतुनाशकाने पुसून घे.) मी गादी पुसली, रॉड पुसला, लॉकर पुसला, लॉकरच्या आत त्याने पेनाने काढलेलं एक फूल होतं तेही पुसलं, चादरीचे कॉर्नर मारले आणि नवीन पेशंट घेतला. इन्चार्ज वाईट नव्हत्या हो, त्यांच्याही इन्चार्जने त्यांना हेच सांगितलं असणार. पण आम्ही ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सलाईनचा हँडओव्हर देतो, कॅथेटरचा देतो, ऑक्सिजन सिलेंडर किती उरलाय त्याचा देतो, आणि हे जे पोटात राहतं त्याचा हँडओव्हर कोणाला द्यायचा ते एका रजिस्टरमध्ये नाही. खामोशी हा त्याच्यावरचा सिनेमा आहे असं माझं ठाम मत आहे आणि तो गाण्यांच्या कार्यक्रमांतून बाहेर काढून नर्सिंगच्या वर्गात दाखवला पाहिजे.

वहिदाबाईंबद्दल काय लिहू. तुम पुकार लो बघा, ऐकू नका, बघा. गाणं देव म्हणतोय पण तो लांब, पाठमोरा, धर्मेंद्रचा चेहरा दिसतच नाही जवळजवळ, आणि ती ऐकतेय. अंधार, थोडासा उजेड आणि तिचा चेहरा. गाणारा माणूस महत्त्वाचा नाही, ऐकणारीचं काय होतंय ते महत्त्वाचं, हे दिग्दर्शकाला कळलंय. नाईटला दोन-अडीच वाजता वॉर्ड शांत झाला की कुठल्यातरी बेडवरून कोणीतरी गुणगुणतं, आपण काउंटरवर चार्ट भरत असतो आणि पेन थांबतं, ज्यांनी नाईट केल्यात त्यांना कळेल मी काय म्हणते. वो शाम हुगळीवर होडीत आहे, मागे हावडा पूल, तिथे तर अजून अवघड, अरुण तिच्याकडे बघून गातोय आणि तिच्या डोळ्यात दुसरंच कोणी. समोरच्या पेशंटशी बोलताना मागचा पेशंट आठवणं, हे इतकं बारीक मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात बघितलं नाही.

शेवटच्या सीनबद्दल मी आधी भांडायला बसले होते, की हे फारच ताणलं, नर्स अशी कोसळत नाही. पण ती जेव्हा सांगते की तिने कधी नाटक केलंच नाही, तिला ते येतच नव्हतं, तेव्हा मी सोफ्यावर सरळ बसले. कारण अख्खा सिनेमाभर तिचं कौतुक काय, तर राधा किती छान अ‍ॅक्टिंग करते. आमचंही तसंच आहे, सिस्टर तुम्ही किती हसतमुख.

आणि मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची मुख्य! ललिता पवार. आपल्या येवल्याच्या, आणि शेवटी १९९८ मध्ये इथे पुण्यात औंधला गेल्या. खाष्ट सासू म्हणून सगळे ओळखतात, इथे त्या कडक आहेत पण राधाचं काय चाललंय ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही, अशी मेट्रन मला मिळाली आहे म्हणून सांगते, तंतोतंत. पेशंटांमध्ये देवेन वर्मा आहेत, तेही पुण्याचेच म्हणायचे, वाडिया कॉलेजला शिकलेले आणि २०१४ ला इथेच गेले. दोस्त कहाँ कोई तुमसा त्यांच्यावरच आहे, आणि नेमकं तिथेच माझी डिस्क अडकत होती.

अर्धा मार्क मात्र मी कापणार. बाकीचे पेशंट हसायला ठेवलेत, ते मला पटलं नाही. माझं सायकियाट्रीचं पोस्टिंग येरवड्याला होतं, २५४० खाटांचं मनोरुग्णांचं हॉस्पिटल, पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या पोरी असल्याच सिनेमांमुळे घाबरून एकमेकींचे हात धरून आत गेलो होतो. आत काय तर एक आजी कागदाच्या पिशव्या चिकटवत होत्या आणि मला म्हणाल्या, पोरी जेवलीस का. आजार प्रेमभंगानेच होतो आणि प्रेमानेच बरा होतो हेही खरं नाही, स्किझोफ्रेनियाला गोळ्या लागतात, नियमित लागतात, त्या बंद करू नका. आता तर २०१७ च्या कायद्याने भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही आणि पेशंटला साखळीने बांधायलाही बंदी आहे, तेव्हा घरात कोणी आजारी असेल तर सिनेमावरून अंदाज बांधू नका, डॉक्टरकडे न्या.

दुसऱ्यांदा बघितला तो आमच्या वॉर्डातल्या ज्युनियरबरोबर. लातूरकडची आहे, २४ वर्षांची, हॉस्टेलला राहते, जेवायला बोलावलं होतं. मला वाटलं ब्लॅक अँड व्हाइट बघून मोबाईल काढेल. नाही काढला. देव निघून जातो त्यानंतर राधा परत ड्युटीवर दिसली तेव्हा तिने विचारलं, "ताई, हिला रजा नाही दिली का कोणी?" मी म्हणलं नाही. "निदान वॉर्ड तरी बदलायचा ना." बरोबर बोलली पोरगी, ओपीडीला टाकलं असतं दोन महिने तरी राधा वाचली असती. मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली की मागच्या महिन्यात तिचा एक पेशंट वारला, १२ नंबरचे आजोबा, आणि तेव्हापासून ती १२ नंबरचं औषध द्यायला दुसरीला पाठवते. मला हे माहीतच नव्हतं. रोज आम्ही शेजारी उभ्या राहून औषधं काढतो.

त्या रात्री सिनेमा तिथेच थांबवला आणि आम्ही आजोबांबद्दल बोललो, ते चहात बिस्किट बुडवून खायचे आणि अर्धं कपात पडलं की तिच्याकडे बघायचे, असं सगळं तिने सांगितलं. उरलेला भाग दुसऱ्या आठवड्यात, आमच्या दोघींचा ऑफ एका दिवशी आला तेव्हा बघितला.

दर १२ मेला आमच्याकडे दिवा लावतात, गुलाब देतात, फ्लोरेन्स नाइटिंगेलवर भाषण होतं. यावर्षी मी मेट्रन मॅडमना अर्ज दिलाय की भाषणाऐवजी ट्रेनिंग हॉलमध्ये हा सिनेमा लावा, आणि नंतर ज्याला बोलायचंय त्याला तासभर बोलू द्या. प्रिंट मात्र ही नको. लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, तिथे जाऊन चांगली प्रिंट दाखवायला मिळते का ते मी सुट्टीच्या दिवशी विचारून येणार आहे. कोणाकडे न ताणलेली, न अडकणारी ओरिजिनल डीव्हीडी असेल तर मला विकत हवी आहे, ५० च्या जागी ५०० देते.

सिनेमाला ५ पैकी साडेचार. माझी ५० रुपयांवाली सध्या हॉस्टेलवर आहे, तीन पोरींनी बघितली, चौथी नाईट संपली की बघणार आहे.