वासरांच्या हगवणीवरची 'एकच पुडी'

अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गोठ्यात गेल्या पावसाळ्यात संकरित वासरांना हगवण लागली, तेव्हा जनावरांचा डॉक्टर म्हणवणारा एक फिरता विक्रेता आला आणि जंत व विषाणू या दोन्हींवर चालते असे सांगून बिनलेबलाची पुडी वासरामागे ८०० रुपयांना देऊन गेला. शेणातले पांढरट धागे काडीवर उचलून 'हे पाहा जंत' असे त्याने दाखवले. तो आतड्यातून सुटलेला चिकट स्राव होता, हे नंतर पशुवैद्यकांनी सांगितले. त्याहून घातक होता त्याचा सल्ला, की गुण येईपर्यंत दूध आणि पाणी पूर्ण बंद ठेवावे. हगवणीची वासरे मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यानेच दगावतात. एक कालवड सलाईन लागण्याआधीच गेली. भरीस भर म्हणून निरोगी वासरांनाही 'आधीच बंदोबस्त' म्हणत त्याने त्याच न धुतलेल्या बाटलीने पुडी पाजली, अर्थात त्याचे वेगळे पैसे घेऊन.

शासकीय दवाखान्यामार्फत शेण तपासले, तेव्हा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी आणि रोटाव्हायरस असे दोन्ही सापडले. वासराच्या वयाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही जोडी अनेकदा एकत्र आढळते. दोघेही लहान आतड्याच्या अस्तराची नासाडी करतात, त्यामुळे दूध नीट पचत नाही आणि पाणी शोषले जात नाही. नेहमीची जंतनाशके या परजीवीवर चालत नाहीत आणि प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. तरीही अशा पुड्या खपतात, कारण जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटभर चीक मिळालेले वासरू पुष्कळदा आठवड्याभरात आपोआप सावरते आणि श्रेय पुडीला जाते, तर मेलेल्या वासराचा मालक बाजारात त्याविषयी सहसा बोलत नाही.

पावती मागितल्यावर 'पुढच्या फेरीत देतो' असे उत्तर मिळाले. त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. वेष्टनावर घटक, उत्पादक, बॅच क्रमांक व मुदत नसलेले औषध कोणीही घेऊ नये आणि उपचार करणाऱ्याला महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारावा. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे. डॉक्टर येईपर्यंत वासराचे दूध चालू ठेवून मधल्या वेळेत क्षारपाणी पाजावे. चोखणे थांबले किंवा अंग गार पडले असेल, तर मात्र शिरेतून सलाईन देण्यावाचून इलाज नसतो. क्रिप्टोस्पोरिडियमची बाधा माणसालाही होते, म्हणून आजारी वासराला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना त्या खोपटाकडे फिरकू देऊ नये.