ग्रेट स्वॅम्पमध्ये बाबांसोबत ई-बाइक: सहा महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू

वीस इंची जाड टायरची फोल्डिंग ई-बाइक, ५०० वॅटची मोटर, अशा दोन घेतल्या, एक माझी आणि एक सांगलीहून आलेल्या बाबांसाठी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या साइजच्या बहुतेक बाइक्स थोड्याफार फरकाने अशाच असतात. बाबांचे गुडघे दुखतात, साधी सायकल त्यांना झेपत नव्हती, म्हणून हा खटाटोप.

आम्ही चालवतो न्यू जर्सीतल्या ग्रेट स्वॅम्प अभयारण्यात. टाइम्स स्क्वेअरपासून जेमतेम २६ मैल, साडेसात हजार एकरांहून जास्त दलदल, आणि १९५९ मध्ये इथे चक्क विमानतळ करायचं ठरत होतं! आसपासच्या लोकांनी पैसे जमवून जमीन विकत घेतली, सरकारला दान केली आणि १९६० मध्ये अभयारण्य झालं. प्लेझंट प्लेन्स रोडवर थांबून नुसतं कान देऊन ऐकलं की त्या लोकांचे खरंच आभार मानावेसे वाटतात.

हिमयुगातल्या जुन्या सरोवराचा तळ असल्यामुळे सगळं सपाट, त्यामुळे बॅटरी खूप पुरते. व्हिजिटर सेंटरपासून निघून व्हाइट ब्रिज रोडने लाँग हिल रोडवरच्या ऑब्झर्वेशन सेंटरपर्यंत जाऊन परत आलो, मध्ये दोनचारदा भरकटलो, तरी अर्ध्याहून जास्त चार्ज शिल्लक. खडीच्या पट्ट्यावर जाड टायर मस्त चालतात, हँडल हलत नाही. बाबा म्हणाले, "अरे, आपल्या मळ्याकडच्या पाणंदीसारखाच रस्ता आहे की रे."

पण असिस्ट, म्हणजे मोटरच्या मदतीची पातळी, एकवरच ठेवा. तीनवर मोटरचा जो बारीक सूं आवाज येतो ना, तेवढ्यानेही बगळा उडतो, हे मी दोनदा बघितलं. एकवर चाललात की पाणकणसांवर बसलेले लाल खांद्याचे काळे पक्षी अगदी पाच फुटांवरून ओरडत राहतात, हलत नाहीत. जूनमध्ये एक मोठं कासव अंडी घालायला रस्ता ओलांडत होतं, पाठीवर ओलं शेवाळ, शेपटीला चिखल, दोन पावलं टाकायचं, थांबायचं, मान वर करायचं. आम्ही वीसेक मिनिटं बाइक आडव्या लावून उभे होतो आणि मागून आलेली गाडीही गपचूप थांबली. बाबा त्या दिवशी घरी येऊन आईला फोनवर अर्धा तास तेच सांगत होते.

आता तक्रारी. बाइक तीस किलोच्या आसपास, डिकीत चढवायला दोन माणसं लागतात, बाबांना एकट्याने जमणं अशक्य. पायडल मारलं की मोटर क्षणभर उशिरा आणि झटक्यात लागते, बाबा पहिल्या दिवशी दचकले, त्यामुळे ज्येष्ठांसाठी घेणार असाल तर आधी रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करून घ्याच. मागचा ब्रेक महिन्याभरात किंचाळायला लागला, दुकानदाराने तीन ईमेलनंतर उत्तर दिलं, शेवटी पॅड मीच सेट केले.

आणि हो, पायवाटांवर आणि लाकडी बोर्डवॉकवर सायकल चालत नाही, कुलूप न्या, ती लावून चालत जा. मे-जूनमध्ये डास आणि गोचिडी भरपूर, फुल पँट, मोजे वर ओढलेले, घरी आल्यावर पोटऱ्या नीट तपासा.

पाचपैकी चार. बाबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे, तोवर दर रविवारी सकाळी सातला आम्ही तिथेच.