दोन संगणक आणि मध्ये एकच केबल: सात महिन्यांच्या वापरानंतर

घरातला डेस्कटॉप आणि लॅपटॉप राउटरला वळसा घालून थेट इथरनेट केबलने जोडले, त्याला आता सात महिने झाले. त्याआधी छायाचित्रे आणि व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून हलवत असे. त्यात प्रत्येक फाइल दोनदा लिहिली जाते आणि पेन ड्राइव्ह भरला की पुन्हा पहिल्यापासून फेऱ्या सुरू होतात. वाय-फायवरून पाठवून पाहिले, पण दोन्ही संगणक वायरलेस असले की प्रत्येक फाइल हवेतून आधी राउटरकडे आणि तिथून पुन्हा हवेतूनच दुसऱ्या संगणकाकडे जाते, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या वेगाचा जेमतेम काही अंशच हाती लागतो.

अशा जोडणीसाठी खास क्रॉसओव्हर केबल (पाठवण्याच्या आणि ऐकण्याच्या तारा आतमध्ये अदलाबदल केलेली) लागते, हा समज अजून बऱ्याच जणांच्या मनात आहे. जुन्या नेटवर्क कार्डांच्या बाबतीत तो खरा होता. गिगाबिट पोर्ट (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे) मात्र कोणत्या तारेवर पाठवायचे आणि कोणत्या तारेवर ऐकायचे हे आपसांत ठरवून घेतात, त्यामुळे राउटरला लावतो तीच साधी केबल चालते. यूएसबीची दोन्ही टोके सारखी (नेहमीची चपटी टाइप-ए) असलेली साधी केबल घेऊन दोन संगणक एकमेकांना जोडण्याच्या फंदात मात्र पडू नये. त्यासाठी मध्ये चिप असलेली वेगळी केबल येते, नाहीतर पोर्टला इजा होऊ शकते.

पहिल्या दिवशी माझी फसगत केबलनेच केली. सुमारे ४०० जीबीचा साठा पाठवायला घेतला, तर वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना आणि शिल्लक वेळ दहा तासांच्या घरात दिसू लागला. अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये पाहिले तेव्हा जोडणी १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे जेमतेम १२ एमबी) झालेली होती. केबल काढून तिचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला, तर आतमध्ये आठऐवजी चारच तारा होत्या. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात. दोनच जोड्या मिळाल्या की तक्रार न करता जोडणी खालच्या वेगावर उतरते. कॅट ५ई प्रतीची पूर्ण केबल लावल्यावर वेग ११० एमबीच्या आसपास गेला आणि तोच साठा तासाभरात पोहोचला. म्हणून कॉपी सुरू करण्याआधी स्टेटसमधला वेग पाहण्याची सवय लावून घेतली आहे.

जोडणीच्या सेटिंगमध्ये अवघड काही नाही. काहीच न भरल्यास विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवर संगणक ओळखण्याचा आकडा) स्वतःच घेते आणि कामही भागते, पण तो पत्ता लक्षात ठेवणे जिकिरीचे असल्याने मी एकीकडे १०.१०.१०.१, दुसरीकडे १०.१०.१०.२ आणि दोन्हीकडे सबनेट मास्क (दोन्ही पत्ते एकाच नेटवर्कातले आहेत हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असे भरले. गेटवेची, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेच्या पत्त्याची, जागा मुद्दाम रिकामी ठेवली, म्हणजे इंटरनेट पूर्वीप्रमाणे वाय-फायवरूनच चालू राहते. शेअर केलेला फोल्डर संगणकाच्या नावाने न उघडता या आकड्यांनी उघडावा, हा अनुभवाचा बोल आहे. एकदा नावाने उघडला तेव्हा कॉपी रेंगाळू लागली. टास्क मॅनेजरमध्ये वाय-फायचा आलेख वर चढलेला आणि इथरनेटचा सपाट पडलेला होता.

खरा मनस्ताप शेअरिंगच्या परवानग्यांनी दिला. गेटवे नसल्यामुळे विंडोज या जोडणीला अनोळखी नेटवर्क समजते, तिला सार्वजनिक ठरवते आणि फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) दार लावून घेते. प्रोफाइल खाजगी करून ठेवले तरी संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते काही वेळा मूळपदावर येत असे. सार्वजनिक प्रोफाइलला सरसकट शेअरिंगची मुभा देणे हा सोपा उपाय होता, पण लॅपटॉप घराबाहेरही जातो, तेव्हा तो मला पटला नाही. मी फायरवॉलमध्ये केवळ समोरच्या संगणकाच्या त्या एका पत्त्यापुरता परवानगीचा नियम घातला आणि तेव्हापासून कटकट थांबली. दुसरी अडचण पिनची होती. लॅपटॉप रोज पिनने उघडत असल्याने फोल्डरसाठीही मी तोच देत राहिलो आणि नकार पचवत राहिलो. पिन त्या यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवरून खात्याचा पासवर्डच लागतो. शेवटी डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी पासवर्ड असलेले वेगळे स्थानिक खाते उघडले.

वेगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ११० एमबीचा आकडा मोठ्या फाइलींचा आहे. हजारो बारीक फाइली असलेला फोल्डर पाठवला की वेग काही एमबीवर कोसळतो, कारण प्रत्येक फाइलसाठी उघडणे, परवानगी तपासणे आणि बंद करणे ही देवाणघेवाण नव्याने होते आणि अँटिव्हायरस प्रत्येकीला हुंगून पाहतो, ते वेगळेच. असे फोल्डर मी आधी झिप करतो. लांबलचक कॉपीसाठी विंडोजमधलेच रोबोकॉपी, म्हणजे आदेश टाइप करून चालवायचे कॉपीचे साधन, वापरतो. मध्येच लॅपटॉप झोपी गेला आणि जोडणी तुटली, तरी तोच आदेश पुन्हा दिल्यावर पोहोचलेल्या फाइली वगळून ते उरलेल्या घेते. लॅपटॉप झोपू नये म्हणून आता चार्जर लावून स्लीप बंद करतो, हे शहाणपण दोन रात्री वाया घालवल्यावर आले.

याहून अधिक वेग हवा असेल तर दोन्हीकडे २.५ गिगाबिटचे यूएसबी अडॅप्टर लावता येतात आणि त्यांना हीच कॅट ५ई केबल पुरते. मी ते घेतलेले नाहीत, कारण डेस्कटॉपमधली साठवणुकीची डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची आहे आणि तिची लिहिण्याची धाव गिगाबिटच्या आसपासच संपते.