बचत गटाचं सातूचं पीठ: पैसे वसूल, पण पाकिटावर तारीख टाका

आमच्या आठवडी बाजारात एक महिला बचत गट सातूचं पीठ विकतो, अर्धा किलो ८० रुपये. निम्मा गहू, ३० टक्के पंढरपुरी डाळं, २० टक्के शेंगदाणे, थोडं जिरं-वेलची आणि साखर अजिबात नाही, मला तर हेच सगळ्यात आवडलं कारण मुलांच्या त्या महागड्या पावडरच्या बऱ्याच डब्यांवर साखरेचं नाव अगदी वरतीच असतं.

प्रोटीनचं म्हणाल तर डाळं आणि शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर असतं, गव्हात १० च्या आसपास, म्हणजे या पिठात साधारण १५-१६ ग्रॅम होतं. नाचणीत ७ च. नाचणी कॅल्शियमला एक नंबर आहे, पण नुसत्या नाचणीच्या खिरीवर प्रोटीन पुरत नाही आणि हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. शिवाय गव्हात लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) कमी असतं ते डाळ भरून काढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ५ वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, त्यामुळे असं स्वस्त पीठ गावोगावी मिळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

चव मस्त, खमंग. दुधात गूळ घालून कालवलं की भाचा वाटी चाटून पुसून संपवतो. दळण जरा जाडसर आहे, तळाला शेंगदाण्याची कणी आणि सालं राहतात, लहानग्यांना देताना चाळूनच घ्या, अख्खा शेंगदाणा तर देऊच नका, घशात अडकतो.

तक्रार एकच पण मोठी, पॅकिंगची तारीख नाही. एक पाकीट उघडलं तर चक्क खवट वास, टाकूनच दिलं. शेंगदाण्याला बुरशी लागली तर त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, मुलांच्या खाण्यात ही रिस्क नकोच.

आणि हो, ६ महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, त्यानंतरच हे. मूल खूपच वाळलेलं दिसत असेल तर पिठावर भागवू नका, अंगणवाडीत दंडाचा घेर मोजून घ्या, ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाचा ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर सरळ सरकारी दवाखाना गाठा.

पुढच्या बाजारी ताईंना २५० ग्रॅमचं पाकीट काढायला सांगणारे, पावसाळ्यात अर्धा किलो संपेपर्यंत पीठ टिकत नाही.