सितादेल लाफेरिएरची गाईडसेवा : किल्ला पुरेपूर, गोष्ट अर्धी

उत्तर हैतीतल्या मिलो गावातून वर नेणाऱ्या या सेवेला पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा किल्ल्याचा नाही, गाईडच्या गोष्टीचा.

गाडी फरसबंदी रस्त्यानं वरच्या वाहनतळापर्यंत जाते. पुढचा खडा चढ पायी किंवा घोड्यावर. घोड्याचा भाव परतीसकट, लगाम धरणाऱ्याचे पैसे धरून, खालीच ठरवा; वर पोचल्यावर हिशेब फुगतो. उंची सुमारे ९०० मीटर, त्यामुळे दुपारी ढग उतरले की समोरचं काही दिसत नाही. क्रिस्तोफ राजाचा सां-सुसी राजवाडा गावातच असल्यानं आधी तिथे रेंगाळायचा मोह होतो. तो टाळा. सकाळी किल्ला, उतरताना सां-सुसी.

किल्ला बांधणारा ‘राजा’ आंरी क्रिस्तोफ गाईड झकास रंगवतात. पण किल्ल्याचं काम १८०५ च्या सुमारास सुरू झालं तेव्हा तो राजा नव्हता, स्वतंत्र हैतीचा पहिला शासक देसालीन याचा सेनापती होता. हाकललेले जुने सत्ताधीश फ्रेंच परत येतील या धास्तीनं ही जागा हेरली गेली. १८०६ मध्ये देसालीनचा खून झाला. नव्या घटनेनं क्रिस्तोफला राष्ट्राध्यक्षपद दिलं पण अधिकार काढून घेतले, म्हणून १८०७ मध्ये त्यानं उत्तरेत वेगळं राज्य थाटलं आणि तिथला अध्यक्ष झाला. मुकुट आला १८११ मध्ये. ही मधली चार वर्षं गाईड एका वाक्यात उडवतात. आपणहून विचारा.

वर किल्ल्याच्या रचनेत क्रिस्तोफमधल्या सैनिकाची बुद्धी दिसते. जहाजाच्या नाळीसारखा पुढे आलेला बुरूज, सुमारे चार मीटर जाड भिंती, छपरावरचं पावसाचं पाणी साठवणारी टाकी, युरोपीय राजमुद्रांच्या तोफा आणि गोळ्यांचे ढीग. या तोफा फ्रेंचांवर डागायची वेळ कधी आलीच नाही. नुकसान केलं ते विजेनं : १८१८ मध्ये ती दारूकोठारावर पडली. १८२० मध्ये, अर्धांगवायूनं खिळलेला आणि सैन्य उलटलेलं असताना, क्रिस्तोफनं सां-सुसीत स्वतःवर गोळी झाडली. दफन मात्र वर किल्ल्यातच. सां-सुसीचे आज दिसणारे भग्नावशेष १८४२ च्या भूकंपाचे.

वरच्या गच्चीला जागोजागी कठडा नाही, दगड शेवाळतात. पकड असलेले बूट आणि प्यायचं पाणी सोबत हवंच. राजधानी पोर्त-ओ-प्रिन्समार्गे येऊ नका, विमान थेट उत्तरेतल्या काप-आइसियाँ शहराचं घ्या. किल्ला खुला आहे का आणि वाट सुरक्षित आहे का, हे निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा.