एक फ्रेम, दोन नळ्या : हँडी-रायफल हंगामभर वापरल्यावर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हरणाच्या शिकारीसाठी कमी खर्चातली रायफल हवी असेल, तर एच अँड आर (हॅरिंग्टन अँड रिचर्डसन) कंपनीची जुनी हँडी-रायफल जरूर पाहा. ही मधोमध वाकवून उघडायची, एका वेळी एकच गोळी भरायची रायफल, आणि तिची नळी बदलता येते. फक्त एक लक्षात ठेवा. नळी बदलता येते म्हणून कुठलीही नळी कुठल्याही फ्रेमला (चाप आणि घोडा असलेल्या, नळी जिच्यावर बसते त्या सांगाड्याला) चालत नाही. वापरलेली घेताना सौदा फायद्याचा की तोट्याचा, ते इथेच ठरतं.

माझ्याकडे एसबी२ फ्रेम (रायफलच्या नळ्यांसाठीची मजबूत फ्रेम) आणि तिलाच बसवून दिलेल्या दोन नळ्या आहेत. एक .२२३ काडतुसाची, कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) आणि ग्राउंडहॉग (बिळात राहणारा मोठा कृंतक) यांच्यासाठी, दुसरी .४५-७० काडतुसाची, हरणासाठी. ओहायोने २०१४ पासून हरणासाठी रायफलला परवानगी दिली ती गळा नसलेल्या, सरळ बाजूंच्या काडतुसांपुरती, त्यामुळे गळा असलेलं .२२३ तिथे बाद होतं.

नळी बदलायला नळीखालच्या पुढच्या लाकडाचा एक स्क्रू काढायचा, बंदूक बिजागरीवर वाकवून उघडायची, नळी बिजागरीच्या पिनेवरून उचलायची. बस्स. स्कोप (नेम धरायची दुर्बीण) फ्रेमवर नसून नळीवरच असतो, म्हणून नेम नळीबरोबर जातो. परत लावल्यावर मी रेंजवर खात्री करतोच, पण स्कोपच्या स्क्रूंना हात लावायची वेळ अजून आलेली नाही. दोन नळ्या म्हणजे दोन स्कोप, हा खर्च मात्र आधीच धरा. लाकडाचा स्क्रू दर वेळी सारखाच आवळायचा. कमी-जास्त झाला की गोळ्यांचा पुंजका सरकतो.

आता फ्रेमचं. कारखाना चालू होता तेव्हा फ्रेम तिकडे पाठवायची आणि ते नवी नळी जुळवून द्यायचे. २०१५ मध्ये उत्पादन थांबलं, ती सोयही संपली. आज सुटी नळी घेतलीत तर ती फ्रेमवर नीट बंद होते का, मध्ये फट राहते का, हे गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) तपासून घ्या. त्याआधी एकही काडतूस भरू नका. एसबी१ फ्रेम शॉटगनची आहे, तिला .२२३ सारख्या जास्त दाबाच्या काडतुसाची नळी कधीही लावू नये. म्हणूनच मी म्हणेन, जुळवलेल्या नळ्यांसकट अख्खा संच मिळतो का ते आधी शोधा, थोडा महाग पडला तरी.

नळ्या सतत वाढवत न्यायच्या असतील तर थॉम्पसन/सेंटर कंपनीची एन्कोर ही अशीच नळी बदलता येणारी बंदूक बरी. तिच्या नळ्या जुळवून न घेता बसतात. किंमत मात्र बरीच जास्त.

.४५-७० चा धक्का जबरदस्त आहे. भरपूर काडतुसं उडवायची असतील तर दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाला चांगलं रबर लावून घ्या. एकच गोळी असते याचा मला त्रास नाही, उलट चाप ओढण्याआधी मी जास्त वेळ थांबतो. गोळी झाडण्याआधी अंगठ्याने मागे ओढायचा घोडा स्कोपखाली नीट सापडत नाही, त्यासाठी बाजूला बसणारा छोटा खुंटा मिळतो, तो घ्याच. बायको डावखुरी आहे. एका बाजूला हाताने ओढायचा बोल्ट नसल्यामुळे तिला ही रायफल कुठेच अडत नाही, आणि .२२३ ची नळी आता बहुतेक तिच्याच हातात असते.