सांगलीतले बायंडिंगवाले मामा: काम पक्कं, वायदा कच्चा

पाठ निघालेली, पानं सुटलेली, वाळवीने कडा खाल्लेली पुस्तकं घरात असतील आणि ती रद्दीत घालायला हात होत नसेल, तर सांगलीत त्यांच्यासाठी जागा आहे. दुकान म्हणायला दहा बाय बाराची खोली. बाहेर पाटी नाही. आत पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, एक जुनं कटिंग मशीन, भिंतीला टेकून ठेवलेले पुठ्ठे आणि खळीचा वास.

नाव आणि नंबर मुद्दाम देत नाही. मामांनीच बजावलं. "नेटवर नाव टाकू नका वहिनी. पोरं मोबाईलात पीडीएफ घिऊन येत्यात आन स्पायरल मारून द्या म्हणत्यात." गरज असेल त्याने गणपती पेठेत शिरावं आणि कुठल्याही हळदीच्या किंवा किराणा मालाच्या जुन्या पेढीवर 'चोपड्या बांधणारे मामा' एवढं विचारावं. सांगतात. चारचाकी नेऊ नका, पेठेत लावायला जागा मिळत नाही.

चोपड्या, म्हणजे पेढ्यांच्या हिशेबाच्या वह्या, हाच त्यांचा मूळ धंदा. सांगलीची हळदपेठ जोरात होती तेव्हा रोजकीर्द आणि खतावण्या लाल कापडात बांधून द्यायचं काम वर्षभर पुरायचं. आता हिशेब कॉम्प्युटरवर गेले, तरी पाडव्याच्या पूजेला बऱ्याच पेढ्यांना एक तरी चोपडी लागतेच, मग वर्षभर तिची पानं कोरी का राहीनात. बाकी गिऱ्हाईक म्हणजे वकील, पोथ्यावाले, एखाददुसरं वाचनालय आणि माझ्यासारखे घरचे गठ्ठे आणणारे.

माझा गठ्ठा होता सासूबाईंचा. त्यांचं माहेर कुंडलचं आणि वडील किर्लोस्करवाडीत कारखान्यात लेथवर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना काढला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच वाडीतून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 मध्ये 'स्त्री' आलं आणि 1934 मध्ये 'मनोहर', हे मात्र आता सांगावं लागतं. नांगर आणि पंप बनवणाऱ्या गावातून निघालेली ही तीन मासिकं महाराष्ट्रभर वाचली जायची. सासूबाईंच्या माहेरी 'स्त्री'चे अंक यायचे, लग्नानंतर त्या स्वतः वर्गणी भरायच्या, आणि अंक वाचून झाला की पेटीत. आमच्याकडे आले ते सुमारे वीस वर्षांचे अंक, मधले काही गहाळ.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. त्याआधी 2005 चा पूर 53 फुटांपुढे गेला होता आणि आमच्या गल्लीत भिंतीवर त्याची खूण होती. सगळ्यांनी त्या खुणेच्या हिशेबाने सामान वर चढवलं. पाणी खूण ओलांडून गेलं. माळ्यावरचं वाचलं, कपाटाच्या वरच्या फळीवरचं भिजलं, त्यात काही अंकही. आधी फ्रीज उचलायचा की पुस्तकं, यावरून आमच्या घरात त्या रात्री जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फ्रीज उचलला गेला. पुढे दोन वर्षांत तो बिघडला, हे मी ह्यांना अधूनमधून ऐकवते.

भिजलेल्या अंकांचं एक सांगते, कारण पुन्हा पूर येणार आणि पुन्हा कुणीतरी उन्हात पुस्तकं पसरणार. आतला साधा कागद भिजला तरी वाळतो. पिवळा पडतो, सुरकुततो, पण वाळतो. गुळगुळीत चकचकीत कागद, म्हणजे मुखपृष्ठ आणि रंगीत चित्रांची पानं, ओला असताना एकमेकांवर दाबून राहिला आणि तसाच वाळला की त्याची वीट होते. त्या कागदावर पांढऱ्या मातीसारखा लेप असतो, तोच चिकटतो. मग पान सोडवायला गेलं की चित्र अर्धं या पानावर, अर्धं त्या पानावर. अशी पानं ओली आहेत तोवरच अलगद सुटी करून मध्ये मेणकागद घालायचा असतो. बुरशीही दोन-तीन दिवसांत धरते, त्यामुळे कडक उन्हाची वाट न बघता पंख्याखाली ठेवावं. हे मला मामांकडून नंतर कळलं. आमच्या गठ्ठ्यात सात-आठ मुखपृष्ठं विटा होऊन बसलेली, ती गेली ती गेलीच. मामांनी तसं तोंडावर सांगितलं आणि त्यांना हात लावायचे पैसे घेतले नाहीत.

त्यांच्याआधी मी शहरातल्या दुसऱ्या एका मोठ्या, एसी दुकानात दोन वर्षांचे अंक दिले होते. चार दिवसांत काम तयार, वर प्लॅस्टिकचं आवरण, सगळं झक्क. घरी आणून उघडलं तर तिन्ही कडा मशीनखाली घालून सरळ कापलेल्या, आणि पाठीला गरम गोंद ओतलेला. पुस्तक उघडायला दोन्ही हात लागतात, सोडलं की फटकन मिटतं. पण माझा राग त्याचा नाही. सासूबाईंना समासात पेन्सिलीने लिहायची सवय होती. दुधाचा हिशेब, लोकरीचे टाके, 'दादाला गोवर उठला', 'मामंजींना बरे वाटते आहे'. घरात दुसरी डायरी नव्हती, त्यांचा समास हीच डायरी. त्या दोन वर्षांची डायरी कटरखाली गेली. एका पानावर 'गोवर उठ' एवढं उरलंय, कुणाला ते गेलं. तक्रार केली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फिनिशिंगसाठी कट मारावाच लागतो."

मामांकडे पहिला प्रश्न वेगळाच आला. अंक उलटेपालटे करून त्यांनी विचारलं, "ह्ये वाचणार हायसा, का नुसतं ठेवणार?"

मी म्हटलं, फरक काय पडतो?

"पडतो की. ठेवायचं आसंल तर दीडशेत देतो, कपाटात झ्याक दिसंल. वाचायचं आसंल तर जुजबंदी करायला लागंल. साडेतीनशे. आन टाइम लागंल."

वाचणार, म्हटलं. (जुजबंदी म्हणजे पानं दोऱ्याने शिवून केलेली बांधणी.) मग समास दाखवले. ते चष्मा वर करून बराच वेळ पेन्सिलीचं वाचत बसले. दुधाचा भाव बघून हसले. "ह्येला कटर लावायचा न्हाई," एवढं बोलले आणि पहिल्या अंकावर खडूने फुली मारली. त्यांच्याकडे फुली म्हणजे कापायचं नाही.

काम होताना मी मुद्दाम एकदा थांबून पाहिलं. जुन्या अंकांना बाजूने पिना मारलेल्या असतात, त्या गंजून कागदाला तांबड्या पुळ्या आलेल्या. पक्कडीने ओढली तर पान फाटतं. म्हणून ते बोथट सुरीच्या टोकाने पिनेचे पाय सरळ करतात आणि मागच्या बाजूने ढकलून काढतात. पाठीवर सुकलेला सरस (जुना गोंद) खरवडत नाहीत. त्यावर खळीचा जाड थर देऊन चहा पिऊन येतात, तोवर सरस मऊ होऊन सालीसारखा निघतो. मग फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे. ज्या फर्म्याची घडी फाटलीय तिला पातळ कागदाची पट्टी. ही पट्टी चिकटवताना त्यांचा हात इतका हलका चालतो की बोलणंही थांबतं, आपणही बोलू नये.

नंतर शिवण. दोरा मेणावरून दोनदा ओढलेला. प्रत्येक फर्मा मधोमध उघडायचा, सुई घडीतून आत, बाहेर, टोकाला खालच्या फर्म्याशी गाठ, की वर पुढचा फर्मा. गोंदाचं काम फक्त वरून आधार द्यायचं, पानं धरून ठेवतो तो दोरा. म्हणून असं पुस्तक टेबलावर उघडलं की उघडंच राहतं. पाठीला जाळीचं कापड, रात्रभर शिकंज्यात, मग पुठ्ठा. पाठीला आणि कोपऱ्यांना रेक्झिन, मधल्या भागावर अबरी, म्हणजे रंगांच्या लाटांची नक्षी असलेला कागद. ही अबरी कुठून मिळते ते सांगायला तयार नाहीत. खळ मैद्याची, घरी शिजवलेली, आत मोरचूद (कॉपर सल्फेट). त्यामुळे कसर (कागद खाणारा किडा) लागत नाही, पण घरी आणल्यावर पंधरा-वीस दिवस कपाट उघडलं की खळीचा वास नाकात जातो. आमच्या ह्यांना शिंका आल्या. लहान मुलं पानं तोंडात घालत असतील तर मोरचूद नको म्हणून आधी सांगा, ते वेगळी खळ करून देतात.

मी थांबले होते तेव्हा कवठेमहांकाळकडचे एक आजोबा पोथी न्यायला आले होते. श्रावणात पारायणाला बसायचं, डोळे अधू, पोथी चौरंगावर ठेवली की पानं वर उचलतात ही तक्रार. मामांनी पोथी मधोमध उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि हात काढून घेतले. पान हललं नाही. आजोबांनी शेवटाकडचं पान काढून पाहिलं, पहिलं काढून पाहिलं, मग पिशवीतून कापड काढून पोथी गुंडाळली. पैसे देताना घासाघीस केली ती केलीच, वीस रुपये कमी दिले. मामा म्हणाले, "देवाच्या कामाला कमी दिलं तर माज्या नावावर न्हाई, तुमच्या नावावर."

फळीवर नाटकाच्या वह्याही दिसल्या. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून गावाला नाटकाचं वेड. आजही 5 नोव्हेंबरला इथे भावे पदक कुणाला मिळतं याची चर्चा चहाच्या गाड्यावर होते. हौशी मंडळींनी हाताने उतरवलेल्या नकला, कुणाच्या आजोबांच्या, बांधायला येतात. एकीत संवादाशेजारी लाल शाईत 'इथे टाळी, थांबणे' असं लिहिलेलं होतं. नाव विचारलं तर मामांनी वही बंद केली. गिऱ्हाइकाचं ते दुसऱ्याला दाखवत नाहीत, ही एक गोष्ट मला आवडली, उत्सुकता मेली तरी.

आता उणं. वायदा. 'आठ दिसात या' म्हणजे महिनाभर तरी धरा. माझं काम उन्हाळ्यात दिलं होतं, बेंदूर होऊन गेल्यावर हातात आलं. फोन उचलत नाहीत, हात खळीत असतात. पावती देत नाहीत. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाव आणि रक्कम खडूने लिहितात, तो तुकडा गठ्ठ्यावर, आपल्या हातात काही नाही. माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली, मला अशाने झोप लागत नाही. दुसऱ्या खेपेला मी घरूनच कार्बनची वही नेली आणि त्यांची सही घेतली. त्यांनी केली, वर "बॅंकवाल्या न्हवं का तुमी" असंही म्हणाले.

सोनेरी अक्षरं हा दुसरा मुद्दा. ती ते स्वतः काढत नाहीत, बाहेरून छापून आणतात. माझ्या पहिल्या तीन खंडांवर 'स्त्री' ऐवजी 'स्री' आलं. ज्या मासिकाचं नाव एकाच जोडाक्षराचं, तेच चुकवायचं म्हणजे कमाल. मामा ओशाळले, पण पाठ परत काढली तर शिवण दुखावेल म्हणाले, आणि ते खरंही असावं. पुढच्या खंडांचा मजकूर मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिला, ते बरोबर आले. तुम्हीही लिहूनच द्या, तोंडी सांगू नका. रेक्झिनचे रंग तीनच: मरून, बाटली हिरवा, काळा. चौथा मागू नये.

साडेतीनशे रुपये महाग वाटतील. नवीन पुस्तक तेवढ्यात येतं, हे मला आमच्या मुलाने सांगितलं. तो बेंगळुरूला असतो, त्याचं म्हणणं सगळं स्कॅन करून टाक. त्याच्या ओळखीच्या एका स्कॅनिंगवाल्याने पाठ कापून पानं सुटी करून द्या, मग मशीन पटापट ओढतं, असं कळवलं. मी नको म्हटलं. मोबाईलवर एकेका पानाचा फोटो काढायचं काम नातीला दिलंय, तिला आजीच्या सासूचं अक्षर लागतं हे त्यातून कळलं. खंड टेबलावर सपाट पडतो म्हणूनच ते जमतं. त्या मरून खंडावर वाटी-बिटी ठेवू नये एवढं तिला बजावलंय. गेल्या सुट्टीत ती एक टाका वाचून विचारत होती, 'उलटा' म्हणजे नक्की कसा. मी विणकामात ढ, शेजारच्या काकूंकडे पाठवली.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण 'स्री'चा गेला. वायद्याचा गुण मी कापलेला नाही, कारण एकटा माणूस हाताने शिवतो म्हटल्यावर तेवढं चालायचंच, आणि शिकायला कुणी नाही. मुलगा कुपवाडला एमआयडीसीत लागलाय.

जायचं असेल तर श्रावणाच्या आधीचा महिना टाळा, पोथ्यांची रांग असते. नवरात्रापासून दिवाळी पाडव्यापर्यंतही जाऊ नका, तेव्हा चोपड्यांशिवाय काही हातात घेत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारी बरा. जाताना अंक किंवा पानं क्रमाने लावून, सुतळीने न बांधता कापडात गुंडाळून न्या, सुतळी कडा कापते. समासात कुणाचं हस्ताक्षर असेल तर तसं आधी सांगा आणि खडूची फुली मारून घ्या. दुपारी एक ते चार दुकान बंद.